चला ना बुडापेस्टला!

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही जेवायला बसला आहात. भात कालवलाय, पहिला घास उचललाय, आणि तेवढ्यात दारावरून शेजारचे काका चाललेत. तुम्ही काय म्हणाल? "या काका, जेवायला!" बरोबर. आणि काका काय म्हणतील? "चालू द्या, चालू द्या!" तेही बरोबर. काका येणार नाहीत हे तुम्हाला माहीत असतं, तुम्ही खरोखर बोलावलेलं नाही हे काकांना माहीत असतं, आणि दोघांचंही समाधान होतं. आता जरा पुढची कल्पना करा. काकांनी चपला काढल्या. काका आत आले. तुमच्या शेजारी मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, "हं, वाढा."

बसला ना धक्का? मग आता तुम्हाला तार्सोनो गुरुजींची गोष्ट नीट कळेल. त्यांच्या बाबतीत अगदी हेच घडलं. फक्त ताटाच्या जागी बुडापेस्ट होतं.

हे तार्सोनो गुरुजी जावा बेटावरच्या सोलो शहरात राहायचे. तिथे नावाच्या आधी पुरुषांना 'पाक' लावतात आणि बायकांना 'बू', म्हणून सारी गल्ली त्यांना पाक तार्सोनो म्हणे. ते शाळेत भूगोल शिकवत. युरोपातल्या नद्या त्यांना पाढ्यांसारख्या पाठ होत्या. डॅन्यूब नदी तर ते फळ्याकडे पाठ करून, मागे हात नेऊन काढून दाखवत, आणि ती नेमकी काळ्या समुद्रातच जाऊन पडे. स्वतः मात्र त्यांनी समुद्र फक्त काठावरून पाहिला होता. तोही सहलीत, मुलं मोजता मोजता.

त्यांची मुलगी किनांती चौथीत होती. एका संध्याकाळी ती नकाशा रंगवत बसली होती. रंगवता रंगवता थांबली.

"बाबा, डॅन्यूब खरंच निळी आहे?"

"बघ की नकाशात. निळीच आहे."

"नकाशात आपली बेंगावानपण निळीच आहे."

आता बेंगावान म्हणजे सोलोच्या अंगावरून वाहणारी नदी. चहात गूळ जरा जास्त पडला की जो रंग येतो, तो तिचा रंग. पाक तार्सोनो वरवर हसले. पण इतकी वर्षं आपण शेकडो मुलांना ज्या नदीबद्दल सांगत आलो तिचा रंगसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला अशी लागली की रात्रीच्या जेवणात त्यांनी तळलेला टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, दुसऱ्यांदा मागितला नाही. टेंपे नको म्हणणाऱ्या माणसाला सोलोत आजारी समजतात. त्यांची बायको, बू वुर्यानी, त्यांच्या कपाळाला हात लावून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेत जाहीर केला. साठवलेले पैसे होते, शाळेची मोठी सुट्टी जवळ होती. एक शहर, एक नदी. बुडापेस्टला जायचं, काठावरच्या बाकावर बसायचं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा रंग बघायचा. आठवडाभर.

"आठवडाभर नुसतं पाणी बघायचं?" बू वुर्यानींनी विचारलं.

"रंग बदलत असतो," पाक तार्सोनो गंभीरपणे म्हणाले.

"मग मी मधूनमधून दुकानं बघेन. तीही बदलत असतात."

किनांतीनं आपली रंगपेटी दप्तरात भरूनही टाकली. घरातल्या घरात बेत मंजूर झाला. इथवर सगळं उत्तम होतं. आणि इथवरच उत्तम होतं.

कारण सकाळी भाजीच्या गाडीपाशी बू वुर्यानींच्या तोंडून बातमी निसटली, आणि संध्याकाळी मशिदीतून परतताना पाक हार्जांतो दारात येऊन उभे राहिले. हे गल्लीचे मुख्य. गल्लीत कुणाच्या घरी बारसं, कुणाच्या छपराला गळती, कुणाचं मांजर कुणाच्या घरी जेवतं, सगळं त्यांना माहीत असावं लागे. पोट मोठं, आवाज लहान.

आता इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर गुरुजींची चूक तुमच्या ध्यानात यायची नाही. सोलोची माणसं साऱ्या जावा बेटावर मऊ बोलण्यासाठी प्रसिद्ध. तिथे कुणी तुम्हाला एकदा बोलावलं तर ती रीत. दुसऱ्यांदा बोलावलं तर तो जिव्हाळा. आणि तिसऱ्यांदा बोलावूनही तुम्ही नाही म्हणालात, तर तो बोलावणाऱ्याचा अपमान. म्हणून शहाणा माणूस दोनवर थांबतो. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. चालायला येतं तसं तेही येतं.

"ऐकलं, युरोपला निघालात," पाक हार्जांतो ओसरीवर टेकत म्हणाले.

"हो, बुडापेस्टला. चला ना तुम्हीही!"

"छे हो, आम्ही कसले येतोय."

"चला हो, मजा येईल."

"नको नको, तुम्ही घरची माणसं जाताय, आमची अडचण कशाला."

इथे थांबायचं होतं. पण नेमका त्याच वेळी आतून मोगऱ्याचा गोड चहा आला. पाक तार्सोनोंनी कप पुढे केला, पाक हार्जांतोंनी "असू द्या, असू द्या" म्हटलं, आणि चहाचा आग्रह करायला उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "अडचण कसली? चलाच!"

पाक हार्जांतोंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यांनी कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि बारीक आवाजात म्हणाले, "तुम्ही एवढं म्हणताय, तर तुमचं मन कसं मोडायचं? येतो."

ते गेल्यावर बू वुर्यानी बाहेर आल्या. "काय म्हणत होते?"

"येतायत."

"कुठे?"

पाक तार्सोनोंनी नुसतं पश्चिमेकडे बोट दाखवलं.

आपल्याकडे म्हण आहे ना, भीड भिकेची बहीण? ती बहीण आता गुरुजींच्या घरी मुक्कामालाच आली. दुसऱ्या दिवशी बू सुलास्त्री आल्या. लग्नाकार्यात जेवणं पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. त्यांचा हात सैल आणि आवाज खणखणीत. पाक तार्सोनो या वेळी सावध होते. त्यांनी एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बू सुलास्त्रींनी दोन्ही वेळा नको म्हटलं. झालं, सुटलो! पण स्वयंपाकघरात कांदा चिरत असलेल्या बू वुर्यानींना आधीचं दोनदा कुठे ऐकू आलं होतं? थाळीत खाऊ घेऊन त्या हसत हसत बाहेर आल्या आणि पाहुणचाराच्या भरात म्हणाल्या, "अगं, तूही चल की आमच्याबरोबर!"

तीन.

तिसरे पाक सुदिरो. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, काटकुळे, कायम खोकणारे. त्यांना बोलवायचंच नाही असं नवरा-बायकोंनी ठरवलं. पण दोघांना बोलावून तिसऱ्याला न बोलावणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. पाक सुदिरो ओसरीवर बसले. हवेबद्दल बोलले. खोकले. आंब्याबद्दल बोलले. पुन्हा खोकले. शेवटी तो खोकला ऐकवेना, तेव्हा पाक तार्सोनोंनी तिन्ही वेळा एका दमात म्हणून टाकलं. "चला, चला हो, चलाच!"

चौथ्या बुदे रात्मी. बुदे म्हणजे मोठी मावशी. ही पिकलेल्या केसांची, एकटी राहणारी बाई सगळ्या गल्लीची बुदे होती. तिनं उभा जन्म बाटिकच्या कापडावर मेणाची नक्षी काढण्यात घालवला होता. तिला तर कुणी बोलावलंच नाही. पाक हार्जांतोंनीच परस्पर तिचं नाव घातलं. "म्हाताऱ्या माणसाला वगळलं असं दिसायला नको," ते म्हणाले. बुदे काही बोलली नाही. ती सहसा बोलतच नसे.

आता चार घरची माणसं आणि गुरुजींचं घर मिळून जो जमाव झाला, तो सोलोत नुसता जमाव राहू शकत नाही. त्याची समिती होते. रविवारी गल्लीत मांडव घालून सभा भरली. पाक हार्जांतो अध्यक्ष. पाक सुदिरो चिटणीस. बू सुलास्त्री खाणंपिणं विभाग. बू वुर्यानी गणवेश विभाग, कारण घोळक्यानं बाहेर पडायचं आणि सगळ्यांचे कपडे एका कापडाचे नाहीत, हे तिथे कुणाला सहन होत नाही. एक भला मोठा फलकही छापून आणायचं ठरलं. प्रत्येक शहरात तो धरून फोटो काढायचा. फलकावर अध्यक्षांचा फोटो मोठा, बाकीचे लहान.

"आणि पाक तार्सोनो?" कुणीतरी विचारलं.

सभेत जरा चुळबूळ झाली. पदं संपली होती.

"पाक तार्सोनो आपले सल्लागार!" अध्यक्षांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. सल्लागार म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही तो, हे गुरुजींना शाळेतल्या अनुभवावरून माहीत होतं. ते उठून नम्रपणे झुकले आणि परत बसले. मनात मात्र म्हणाले, "माझीच सहल, आणि मलाच पाहुण्यासारखं बसवलं!"

मग शहरांचा विषय निघाला. आपण एवढं लांब जाणार, तर एकच गाव कसं? पाक सुदिरोंचे आजोबा डच साहेबांच्या साखर कारखान्यात कारकून होते. त्या साहेबाचं गाव बघायचं म्हणून ॲमस्टरडॅम. बू सुलास्त्रींनी पॅरिस म्हटलं. अध्यक्षांनी बराच विचार करून मिलानचं फुटबॉलचं मैदान सांगितलं. मग वाटेत येतं म्हणून ब्रुसेल्स, आणि ब्रुसेल्सला जायचं तर स्वित्झर्लंडनं काय पाप केलंय? गुरुजी भूगोलाचे. स्वित्झर्लंड वाटेत येत नाही हे त्यांना सांगायचं होतं. पण सल्लागारानं विरोध केला असं दिसलं असतं.

प्रवास कंपनीचा पोरगेला माणूस, मास गिलांग (तरुणांना तिथे 'मास' म्हणतात), या सगळ्याला मान डोलावत होता. केसांना चकचकीत तेल आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. "होतंय की, पाक! युरोप आतून लहानच आहे."

"आणि बुडापेस्ट?" किनांतीनं विचारलं.

"आहे ना! चार दिवस."

पुढच्या सभेत पाक सुदिरोंच्या पुतण्यानं प्राग सुंदर आहे असं सांगितलं. बुडापेस्ट दोन दिवसांवर आलं. त्यानंतर बू सुलास्त्रींच्या गिऱ्हाइकानं व्हेनिसची नाव राहिली तर युरोप बघितलाच नाही म्हटलं. बुडापेस्ट एका रात्रीवर आलं. मग रात्रीचं हॉटेल दुसऱ्या गावात स्वस्त पडतंय असं निघालं, आणि बुडापेस्ट दुपारच्या जेवणापुरतं उरलं. दर सभेनंतर पाक तार्सोनो घरी येऊन नकाशासमोर उभे राहत. आजारी माणसाचं वजन रोज घटत जावं तसं त्यांचं शहर घटत होतं.

मधल्या काळात कागदपत्रांचं वेगळंच नाटक चाललं. जावाच्या जुन्या माणसांना नाव एकच असतं. तार्सोनो म्हणजे तार्सोनो. पुढे नाही, मागे नाही. पण व्हिसाच्या संगणकाला आडनाव हवंच होतं. रकाना रिकामा ठेवला की तो लाल होई.

"नाव दोनदा लिहायचं," मास गिलांग म्हणाला. "सगळे तसंच करतात."

तेव्हापासून ते तार्सोनो तार्सोनो झाले. अध्यक्ष हार्जांतो हार्जांतो, आणि चिटणीस सुदिरो सुदिरो. यादी वाचली की कुणी डोंगरापाशी उभं राहून हाका मारतंय असं वाटे. पाक सुदिरो मात्र खूश झाले. "जन्मभर एकदाच होतो," म्हणाले, "आता दोनदा आहे."

सहल आता सुट्टीत मावेना, म्हणून शाळेतून रजा घ्यायची होती. मुख्याध्यापकांनी अर्जावर सही केली, चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "भाग्यवान आहात, पाक तार्सोनो. बुडापेस्ट!" गुरुजींच्या ओठांवर आलंच होतं, चला ना तुम्हीही. त्यांनी तोंडावर रुमाल दाबला, अर्ज हिसकावल्यासारखा घेतला आणि जवळजवळ पळतच बाहेर पडले. मुख्याध्यापक कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत राहिले. इतका सभ्य माणूस, आणि परदेशी जायचं म्हटल्यावर केवढी गुर्मी!

आणि मग थंडीचा सराव. सोलोत थंडी म्हणजे पंखा जोरात लावल्यावर जे होतं ते. युरोपातल्या गारठ्यात जाकिटं पुरतील का, हे कळायला मार्ग नव्हता. बू सुलास्त्रींना कोंबड्या पुरवणारा एक व्यापारी होता, त्याचं मोठं शीतगृह होतं. एका दुपारी सगळी समिती जाकिटं, कानटोप्या आणि हातमोजे घालून त्या शीतगृहात जाऊन उभी राहिली. चहूकडे सोललेल्या कोंबड्या टांगलेल्या, आणि मध्ये फुगलेले अध्यक्ष. पाक सुदिरोंच्या चष्म्यावर बर्फ धरलं. बू सुलास्त्रींचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच थरथरला. "ब-ब-बास ना आता?"

व्यापाऱ्यानं दार उघडलं. कुणीही हललं नाही.

"अध्यक्ष आधी," पाक सुदिरो कुडकुडत म्हणाले.

"छे, वयानं मोठ्या बुदे आधी," अध्यक्ष दात वाजवत म्हणाले.

"सल्लागार आधी," बू सुलास्त्री.

"आधी बायका," पाक तार्सोनो.

दार उघडं, बाहेर लखलखीत ऊन, आणि आत सोलोची सभ्यता हळूहळू गोठत चाललेली. शेवटी व्यापारी ओरडला, "अहो, आत या नाहीतर बाहेर जा, माझ्या कोंबड्या वितळतायत!" तेव्हा किनांतीनं सगळ्यांना मागून ढकललं. एकाच वेळी सगळे दारात अडकले आणि एकाच वेळी बाहेर पडले. त्यामुळे कुणीच पहिलं ठरलं नाही आणि कुणाचाच मान गेला नाही.

या सगळ्यात पाक तार्सोनो तसे हसतच होते. माणसं आपलीच होती, प्रेमळ होती. पण एकटे असले की ते त्या दुपारच्या जेवणाचा विचार करत. जेवायला बसायचं आणि ताटाऐवजी नदीकडे बघायचं. जेवढं होईल तेवढं.

शेवटची सभा आली. त्या दिवशी मास गिलांग सगळे कागद घेऊन जाणार होता आणि त्यानंतर काही बदलता येणार नव्हतं. मांडवात फलक टांगला होता. बू सुलास्त्रींनी भाताच्या पिवळ्या शंकूभोवती अंडी, टेंपे आणि क्रुपुक नावाचे कुरकुरीत पापड रचून ताट सजवलं होतं, कारण शुभ कामाला ते लागतंच.

"एक छोटासा फरक," मास गिलांग म्हणाला. "जेवण पुढच्या गावात घेऊ. बुडापेस्टमधून बस सरळ जाईल. पण पुलावरून जाईल! डाव्या बाजूच्या खिडकीत बसणाऱ्यांना नदी मस्त दिसेल."

"मग डाव्या खिडक्यांच्या चिठ्ठ्या टाकू," अध्यक्ष म्हणाले. "अन्याय नको."

चिठ्ठ्या टाकल्या. आणि काय सांगू मुलांनो, पाक तार्सोनोंनाच डावी खिडकी लागली! त्यांनी चिठ्ठी दोन्ही हातांत धरली. किनांतीनं त्यांच्या कानात विचारलं, "बाबा, पूल ओलांडायला किती वेळ लागतो?"

"दात घासायला लागतो तेवढा," ते म्हणाले. "पुरेल. रंगच तर बघायचाय."

शेजारून पाक सुदिरो खोकले. "छान जागा मिळाली हो तुम्हाला."

"घ्या ना तुम्ही!" पाक तार्सोनोंच्या तोंडून गेलं.

"छे छे, तुमची आहे."

"घ्या हो, त्यात काय."

"नको नको, तुम्हाला नदीची आवड."

किनांतीनं बाबांचा सदरा ओढला. जोरात ओढला. पण जन्माची सवय सदऱ्यापेक्षा मजबूत असते. "घ्याच!" बाबा म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा हातातलं आइस्क्रीम मातीत पडल्यावर तुमचा होतो ना, तसा झाला.

पाक सुदिरोंनी नाइलाजानं चिठ्ठी घेतली. त्यांचाही चेहरा काही फार आनंदी नव्हता.

किनांती उठली. सोलोत लहान मुलाबद्दल म्हणतात, ते अजून जावाचं झालेलं नाही. म्हणजे त्याला अजून आडून बोलता येत नाही, हो म्हणायचं असताना नाही म्हणता येत नाही. मोठी माणसं हे जरा कीव करून म्हणतात. ती चटईवरून सरळ अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

"पाक हार्जांतो, तुम्हाला खरंच यायचंय का?"

मांडवात कुणीतरी श्वास आत ओढला. "किनांती!" बू वुर्यानी कुजबुजल्या. "असं विचारतात का?"

"अगं, तुझ्या बाबांनी तीनदा म्हटलं..." अध्यक्ष घाम पुसत म्हणाले.

"ते मला माहीत आहे. तुम्हाला यायचंय का?"

पाक हार्जांतोंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वर फलकावरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहिलं. तो फोटो मोठ्या धीरानं हसत होता. मग त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "मला विमानाची भीती वाटते, पोरी. त्या संध्याकाळपासून मी रोज दुवा मागतोय, माझा व्हिसा नाकारला जाऊ दे."

"अहो, मग मिलान कशाला सांगितलंत?" पाक तार्सोनो उठूनच उभे राहिले.

"सगळे काही ना काही सांगत होते. काहीच न सांगणं बरं दिसलं असतं का?"

किनांती तोवर पुढे सरकली होती. "बू सुलास्त्री?"

"मला विचारू नकोस गं बाई!" बू सुलास्त्री म्हणाल्या आणि विचारायच्या आतच सांगून मोकळ्या झाल्या. "ऐन लग्नसराईत मी परगावी! इतकी कार्यं सोडली, लोक म्हणतात सुलास्त्री म्हातारी झाली. पण वुर्यानी थाळी हातात घेऊन इतक्या प्रेमानं म्हणाली, मी नाही कशी म्हणू?"

"पाक सुदिरो?"

पाक सुदिरो खोकले. पुन्हा खोकले. पण किनांती खोकल्याला बधणारी नव्हती. "तिकडच्या संडासात," ते खाली मान घालून म्हणाले, "पाणी नसतं. नुसता कागद. मी महिनाभर घरी कागदाचा सराव करतोय. नाही जमत."

मग बू सुलास्त्रींच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते फुटल्यावर मांडवात कुणालाच हसू आवरेना. अध्यक्षांचं पोट असं गदागदा हललं की भाताचा शंकू ढासळला. पाक सुदिरो खोकत खोकत हसले आणि हसत हसत खोकले. एकमेकांचं मन राखायला ही सारी शहाणी माणसं नको त्या शहरांत निघाली होती, जाकिटं घालून कोंबड्यांत उभी राहिली होती, आणि खरं काय ते एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं!

पाक सुदिरोंनी डाव्या खिडकीची चिठ्ठी पाक तार्सोनोंच्या मुठीत कोंबली. "धरा! आणि आता तोंड उघडू नका!"

"आता खिडकी कशाला?" मास गिलांग कपाळाला हात लावून म्हणाला. "बसच राहिली नाही. पुन्हा तीन माणसं, एक शहर, आठवडाभर. बरोबर?"

"थांब," किनांती म्हणाली. "बुदेला विचारायचं राहिलं."

बुदे रात्मी मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. हातात शालीचं टोक, आणि बोटं त्यावर चालूच. सगळे एकदम तिच्या वतीनं बोलायला लागले. या वयात कशाला, थंडी किती, जेवण कसलं, सुटली बिचारी.

"बुदे, तुला यायचंय?"

"हो," बुदे म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सोलोत एकदा विचारल्यावर कुणी हो म्हटलेलं त्यांच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं.

"मग सभेत कधी बोललीस का नाही?" पाक हार्जांतोंनी विचारलं. "कोणतं शहर हवं तेही नाही सांगितलंस."

"मला कुणी विचारलं?" बुदे म्हणाली. "आणि मला शहर नकोच आहे. सहा वर्षांची होते तेव्हापासून मेणाच्या कढईपाशी वाकून बसले. बसले की हातात काम. पैसे आहेत माझे, मुलगा पाठवतो, मला खर्चता येत नाहीत. हे गुरुजी पहिल्या दिवशी काय म्हणाले ते मी कुंपणापलीकडून ऐकलं. नदीकाठी जाऊन नुसतं बसायचं. मला वाटलं, असंही असतं का? तसं एकदा बसायचंय. रिकाम्या हातानं."

पाक तार्सोनो तिच्याकडे बघतच राहिले. मग पुढे झाले, तिच्यासमोर गुडघे टेकले आणि म्हणाले, "चला ना, बुदे." एकदाच म्हणाले. आणि या साऱ्या गोष्टीत त्यांनी दिलेलं हे पहिलं आमंत्रण होतं, जे देताना त्यांना आतून गोड वाटलं.

मग काय, जेवणं झाली. ढासळलेला भात जास्तच चविष्ट लागला. अध्यक्ष समिती बरखास्त करून इतके हलके झाले की त्यांनी तीनदा भात घेतला, आणि तिन्ही वेळा पहिल्याच आग्रहाला घेतला. मास गिलांग नवे कागद भरायला बसला आणि त्यानं बुदेचं नाव दोनदा लिहिलं.

आणि किनांतीनं काय केलं? ती बुदेला हाताला धरून ओसरीवर घेऊन गेली. तिथे तिला बाकावर बसवलं. शालीचं टोक बुदेच्या बोटांतून हळूच सोडवून घेतलं. तिचे दोन्ही हात तळवे वर करून मांडीवर ठेवले. लगेच एक बोट हललं, हवेत नक्षी काढायला लागलं. किनांतीनं ते धरून परत जागेवर ठेवलं. मग ती स्वतः समोर चटईवर मांडी घालून बसली, आणि शाळेतल्या बाईंसारखा आवाज काढून म्हणाली,

"हं, बुदे. आता काहीही करायचं नाही. मी सांगेपर्यंत."